कामाची मांडणी आणि कामगाराची कामगिरी

कारखान्यातील, कार्यालयातील किंवा रुग्णालयातील एखाद्या कर्मचाऱ्याचे काम चांगले की वाईट हे ठरविताना त्याची हुशारी, कसब, मेहनत आणि नियत यांचाच विचार करण्याची रीत इतकी रुळलेली आहे, की त्याच्या वाट्याला आलेले काम मुळात कोणी आणि किती तुकड्यांत कापून दिले, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हाच प्रश्न आहे. एखादे पूर्ण काम किती हातांत वाटले जाते, ते हात एकमेकांशी कोणत्या वाटेने जोडलेले असतात, एका टप्प्यावर झालेली चूक पुढच्या टप्प्यावरच्या माणसाने कोणाला सांगायची असते, मोबदला एकेकट्याच्या मापाने मिळतो की सगळ्यांचा मिळून, आणि काम पुरे झाले की नाही याचा जाब अखेर कोण देतो, या सर्वांना मिळून येथे ‘कामाची मांडणी’ असे म्हटले आहे. व्यक्तीच्या नावावर जी कामगिरी जमा किंवा खर्ची टाकली जाते तिचा फार मोठा भाग वस्तुतः या मांडणीचा असतो, असे येथील प्रतिपादन आहे. त्याचा जगभर अभ्यासला गेलेला एक मोठा पुरावा मुंबईपासून एका रात्रीच्या अंतरावर, अहमदाबादेतील एका गिरणीच्या मागखात्यात १९५३ साली मिळाला, आणि तरीही मराठीतील व्यवस्थापनविषयक लिखाणात त्याची दखल फारशी दिसत नाही.

या विषयाचा आधुनिक विचार फ्रेडरिक टेलर या अमेरिकी अभियंत्यापासून सुरू होतो. त्याचे ‘शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे’ हे पुस्तक १९११ साली प्रसिद्ध झाले. कामाचा विचार करणारा आणि काम करणारा यांची फारकत करावी, प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजावी, तिची एकमेव उत्तम रीत नियोजन खात्याने ठरवावी आणि कामगाराने ती तंतोतंत पाळावी, हे त्याच्या विचाराचे सार होते. बेथलहेम येथील पोलाद कारखान्यात बिडाचे ठोकळे वाहणारा मजूर दिवसाला साडेबारा टनांऐवजी साडेसत्तेचाळीस टन माल वाहू लागला आणि त्याची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलरवर गेली, हा त्याने स्वतः दिलेला दाखला प्रसिद्ध आहे, जरी पुढील संशोधकांनी त्याच्या तपशिलाविषयी गंभीर शंका घेतल्या आहेत. हेन्री फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात १९१३ साली सरकता जुळणीपट्टा आला, तेव्हा मोटारीचा सांगाडा जुळविण्याचा वेळ साडेबारा तासांवरून साधारण दीड तासावर आला. मात्र त्याच वर्षी तेथे शंभर जागा भरलेल्या ठेवण्यासाठी वर्षभरात सुमारे तीनशेसत्तर माणसे घ्यावी लागली, आणि जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला पाच डॉलर देण्याचे जाहीर केले त्यामागे ही गळती थांबविणे हे एक प्रमुख कारण होते. उत्पादन वाढले तेव्हा त्याचे श्रेय मांडणीला मिळाले, पण माणसे काम सोडून जाऊ लागली तेव्हा त्याचा दोष कामगारांच्या अस्थिर स्वभावावर गेला. हा दुजाभाव त्या काळापासून आजवर फारसा कमी झालेला नाही.

दोष मांडणीचाही असू शकतो हे काटेकोरपणे दाखविले गेले ते इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत. १ जानेवारी १९४७ रोजी तेथील खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, नवी यंत्रे आली, कामगारांना सवलती मिळाल्या, आणि तरीही उत्पादन अपेक्षेइतके वाढेना व गैरहजेरी कमी होईना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील एरिक ट्रिस्ट आणि पूर्वी स्वतः खाणीत अठरा वर्षे काम केलेले केनेथ बॅमफर्थ यांनी या कोड्याचा शोध घेऊन १९५१ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. यंत्रांपूर्वीच्या काळात दोन-तीन खाणकामगारांची जोडी कोळशाच्या एका लहान तोंडावर काम करी. कोळसा फोडणे, भरणे, छताला टेकू देणे आणि पुढे सरकणे ही सर्व कामे तीच माणसे करीत, आपला जोडीदार ती स्वतः निवडीत, आणि सबंध कामाचा ठेका जोडीच्या नावावर असल्यामुळे मोबदलाही जोडीलाच मिळे. कामाचा वेग खाणीच्या त्या दिवशीच्या लहरीप्रमाणे ठरविण्याची मुभा जोडीला होती आणि त्याची जबाबदारीही तिचीच होती. या अवस्थेला ट्रिस्ट आणि बॅमफर्थ यांनी ‘जबाबदार स्वायत्तता’ असे नाव दिले. स्वायत्तता म्हणजे आपल्या कामाचे निर्णय आपण घेण्याची मोकळीक, आणि ती जबाबदार यासाठी की त्या निर्णयांचे फळ, बरे असो वा वाईट, निर्णय घेणाऱ्यांच्याच पदरात पडे.

कोळसा कापणारी यंत्रे आणि वाहकपट्टे आल्यावर लांब भिंतीची पद्धत सुरू झाली, म्हणजे शंभराहून अधिक यार्ड लांबीचे एकच तोंड धरून त्यावर चाळीसेक माणसे तीन पाळ्यांत कामाला लागली. पहिली पाळी कोळसा खालून कापून ठेवी, दुसरी वाहकपट्टा पुढे सरकवी आणि वाटा मोठ्या करी, तिसरी सुटा झालेला कोळसा फावड्याने पट्ट्यावर भरी. प्रत्येक पाळीतील माणसाला आपला एकच तुकडा ठाऊक असे, प्रत्येक तुकड्याचा दर वेगळा ठरलेला असे, आणि तीन पाळ्या एकमेकींना कधी भेटत नसत. भरणाऱ्या पाळीतील माणसाला आपल्या वाट्याच्या आठ-दहा यार्डांत कापणी नीट झालेली नाही असे आढळले, तर ज्याने ती केली तो तोवर घरी जाऊन झोपलेला असे. मग चडफडत, जमेल तेवढे भरून, उरलेला घोळ पुढच्या पाळीच्या गळ्यात टाकून तो वर येई, आणि दुसऱ्या दिवशी प्रकृतीचे कारण सांगून घरी राही. अंगचोरी, एकमेकांवर दोषारोप, वरिष्ठांशी दराची घासाघीस आणि आजारपण या ज्या गोष्टी व्यवस्थापनाला कामगारांच्या स्वभावातील खोट वाटत होत्या, त्या एकत्र गुंफलेले काम एकत्र न आलेल्या माणसांत वाटल्याचा परिणाम होत्या, असा निष्कर्ष या अभ्यासातून निघाला.

या निष्कर्षाची खरी परीक्षा पुढे डरहॅमच्या खाणींत झाली. तेथे काही ठिकाणी कामगारांनी आपल्या संघटनेमार्फत वेगळी पद्धत ठरवून घेतली होती. त्यात एकेचाळीस जणांचा गट ते स्वतः निवडत, तिन्ही पाळ्यांत कोणी कोणत्या दिवशी कोणते काम करायचे हे गटच ठरवी, मागच्या पाळीने जेथे काम सोडले तेथूनच पुढची पाळी ते उचली, आणि सर्वांची मजुरी एकाच चिठ्ठीवर येऊन सारखी वाटली जाई. यंत्रे तीच, कोळशाचा थर तोच, माणसांची संख्याही तीच होती. ट्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनेत तुकड्यातुकड्यांच्या पद्धतीत कोळशाच्या तोंडाच्या क्षमतेच्या ७८ टक्के उत्पादन निघत होते, तर गटपद्धतीत ९५ टक्के. पहिल्या पद्धतीत गैरहजेरी संभाव्य पाळ्यांच्या २० टक्के होती, दुसऱ्या पद्धतीत ८.२ टक्के. त्यातही अपघातामुळे घडणारी गैरहजेरी निम्म्याहून कमी झाली होती, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे, कारण अपघात हा कोणाच्या मेहनतीचा किंवा हेतूचा भाग नसतो. तंत्र आणि माणसांचे परस्परसंबंध ही दोन वेगळी खाती नसून एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत आणि एकाला बदलताना दुसऱ्याला गृहीत धरता येत नाही, या विचाराला पुढे ‘सामाजिक-तांत्रिक व्यवस्था’ असे नाव पडले.

त्याच टॅव्हिस्टॉक संस्थेतील ए. के. राइस हे १९५३ साली अहमदाबादेत आले. साराभाई कुटुंबाच्या कॅलिको मिल्समध्ये त्यापूर्वीच्या वर्षी २२४ स्वयंचलित माग बसविले गेले होते. साध्या मागावर बाण्याची कांडी संपली की विणकराला माग थांबवून धोट्यात नवी कांडी घालावी लागते. स्वयंचलित मागावर मात्र भरलेल्या कांड्यांनी सज्ज अशी एक चक्राकार चौकट असते, जिला कारखान्यात बॅटरी म्हणतात, आणि जुनी कांडी संपत आली की माग न थांबता नवी कांडी धोट्यात ढकलली जाते. यामुळे एका विणकराला कितीतरी अधिक माग सांभाळता येतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात नव्या मागांचे उत्पादन जुन्या मागांच्या तुलनेत अपेक्षेइतके वाढले नव्हते आणि खराब कापडाचे प्रमाण चिंताजनक होते. यंत्रे नामांकित होती, मागांची मांडणी आणि प्रत्येकाच्या कामाचा भार रीतसर मोजमाप करून ठरविला होता. तरीही माल बिघडत होता, तेव्हा कामगारांना नव्या यंत्राची सवय नाही किंवा ते मन लावून काम करीत नाहीत, हे स्पष्टीकरण सहज हाताशी होते.

राइस यांनी मोजमापाच्या तक्त्यांकडे वेगळ्या नजरेने पाहिले. त्या खात्यात एका पाळीत २९ माणसे बारा प्रकारची कामे करीत होती. तुटलेले ताण्याचे तार जोडून माग चालू ठेवणारे आठ विणकर होते, बॅटरी भरणारे पाच, आणि एकाच वेळी अनेक तार तुटून पडलेला गुंता सांधणारे तिघे. त्यांच्याखेरीज नवा बीम चढविणारे, जॉबर व त्याचे मदतनीस, तेल घालणारा, कांड्या आणि कापड वाहणारे, हवेचा दमटपणा राखणाऱ्या यंत्रणेचा कारागीर आणि झाडणारा अशी माणसे होती, ज्यांतील कोणाकडे अर्धे खाते असे, कोणाकडे सबंध. प्रत्येक प्रकारच्या कामाला किती वेळ लागतो हे मोजून प्रत्येकाला तितके माग नेमून दिले होते, आणि एकेकट्याचा हिशेब म्हणून ते वाटप बिनचूक होते. पण तीच संख्या एका मागाच्या बाजूने पाहिली की चित्र पालटते. आठ विणकरांमागे पाच बॅटरी भरणारे म्हणजे एका विणकराच्या वाट्याला एका भरणाऱ्याचा पाच-अष्टमांश भाग, आणि गुंता सांधणाऱ्याचा तीन-अष्टमांश. कोणताही विणकर आपला असा एकही भरणारा दाखवू शकत नव्हता, आणि भरणाऱ्यालाही आपला विणकर कोण हे ठाऊक नव्हते. एका ठिकाणी बॅटरी रिकामी पडली आणि माग थांबला, तर विणकर ज्याला हाक मारणार तो त्याच वेळी दुसऱ्या दोघा विणकरांचाही असे. माग चालू ठेवण्यासाठी ही सर्व माणसे क्षणोक्षणी परस्परांवर अवलंबून होती, आणि तरीही संपूर्ण खात्यात ‘हे माग आमचे’ असे म्हणू शकेल असा एकही चमू नव्हता.

त्यावर राइस यांनी सुचविलेली कल्पना मांडायला अतिशय सोपी होती: मागांच्या एका गटासाठी माणसांचा एक गट. चौसष्ट मागांसाठी सात माणसे, त्यांच्यात बारा प्रकारच्या कामांची वाटणी त्यांनी आपसांत करायची, वेतनाच्या श्रेणी कमी करायच्या, आणि एकाचे काम अडले तर दुसऱ्याने ते करण्यास कोणाची परवानगी लागू नये. ही कल्पना व्यवस्थापक, पर्यवेक्षक आणि कामगार यांच्यापुढे ठेवली गेली तेव्हा ती पुढे कशी न्यावी याचा विचार वरच्या मंडळींचा व्हायच्या आतच कामगारांनी आणि पर्यवेक्षकांनी ती उचलून धरली आणि कोणी कोणाबरोबर काम करायचे याच्या याद्या आपापसांत ठरवून टाकल्या. या सबंध प्रयोगातील हा प्रसंग सर्वांत बोलका आहे. गरज कामगारांना आधीपासून जाणवत होती, फक्त ती मांडायला कारखान्याच्या रचनेत जागा नव्हती. सुरुवातीच्या काळात आकडे वरखाली झाले, वेग वाढला तेव्हा मालाचा दर्जा काही काळ घसरला, पण घडी बसल्यावर मागांची कार्यक्षमता, म्हणजे माग अखंड चालला असता तर धोट्याच्या जितक्या फेऱ्या झाल्या असत्या त्यांच्या तुलनेत प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या, सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली. खराब मालाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. राइस यांनी या प्रयोगावरील आपले पुस्तक १९५८ साली प्रसिद्ध केले.

या आकड्यांवर आक्षेपही घेतले गेले आणि ते टाळून पुढे जाणे अभ्यासाच्या प्रामाणिकपणाला धरून होणार नाही. नव्या रचनेत वेतनही वाढले होते, तेव्हा उत्पादनवाढीचे श्रेय गटाला द्यायचे की पैशाला, असा प्रश्न पुढील काळात अभ्यासकांनी उपस्थित केला. हा आक्षेप खरा आहे, पण त्याने मूळ मुद्दा कोसळत नाही. वाढलेल्या वेतनाने माणूस अधिक झटेल असे मानले, तरी थांबलेल्या मागाजवळ योग्य माणूस योग्य वेळी पोहोचणे हे एकेकट्याच्या झटण्यावर अवलंबून नव्हते, आणि खराब मालाचे प्रमाण वेगाबरोबर वाढण्याऐवजी अखेरीस कमी झाले याचे उत्तर वाढीव वेतनात मिळत नाही. त्याहून महत्त्वाची आहे ती पुढची हकीकत. टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर यांनी १९७० साली त्या गिरणीत पुन्हा पाहणी केली, तेव्हा साध्या मागांच्या ज्या एका खात्यातही गटपद्धती आणली गेली होती तेथे ती आणि तिची कामगिरी सोळा वर्षे जवळजवळ जशीच्या तशी टिकलेली त्यांना आढळली, तर स्वयंचलित मागांच्या खात्यात ती बरीच विरून गेलेली होती. मागणीनुसार कापडाचे प्रकार वारंवार बदलू लागले, कामाचा ताण वाढला, आणि अशा वेळी गटाला लागणारी साधने वेळेवर पुरवून बाहेरचे अडथळे थोपविण्याऐवजी पर्यवेक्षक गटाच्या आत शिरून एकेका माणसाला हुकूम देऊ लागले. पर्यवेक्षकाची जागा गटाच्या सीमेवर आहे, आत नाही, हे तत्त्व कागदावर सोपे आहे. उत्पादन घसरत असताना सीमेवर उभे राहणे मात्र फार अवघड असते, आणि अहमदाबादचा हा उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच शिकविला गेला पाहिजे.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवितो. कावसजी दावर यांनी ताडदेवला काढलेली पहिली गिरणी १८५६ साली चालू झाली तेव्हापासून पुढील कित्येक दशके खात्यातील काम जॉबरच्या हाती होते. गावाकडून माणसे आणणे, त्यांना कामावर लावणे, बदली कामगाराला दारावरून आत घेणे किंवा परत पाठविणे, आणि साचे, म्हणजे माग, चालू ठेवणे ही सर्व कामे तोच करी. लाच, मनमानी आणि जातीगावाचा पक्षपात यांमुळे ही पद्धत बदनाम झाली आणि १९३१ च्या शाही श्रम आयोगाने तिच्यावर कठोर टीका केली, ती योग्यच होती. पण जॉबरचा अधिकार काढून घेताना त्याने ज्या परस्परावलंबी माणसांना कसेबसे एकत्र धरले होते, त्यांच्यासाठी दुसरी कोणती गटरचना उभी करायची याचा विचार फारसा झाला नाही. १९२८ च्या सहा महिने चाललेल्या संपाच्या मुळाशी पगारकपातीइतकाच कामाच्या मांडणीचा प्रश्न होता. विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवावेत आणि कातणाऱ्याने कातणयंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, अशी ती योजना होती, आणि दीड लाखाच्या आसपास कामगार तिच्याविरुद्ध बाहेर पडले.

त्या काळची एक रीत या विषयाच्या दृष्टीने विशेष पाहण्यासारखी आहे. कापडात दोष आढळला की ते खराब कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून वळती करीत. आता कापडातील दोषाची कारणे पाहिली तर हलक्या मिश्रणाचा कापूस, कांजी नीट न बसलेला ताणा, कोरड्या दिवशी पुरेसा दमटपणा न राखलेले खाते आणि झिजलेला साचा ही त्यांतील मुख्य होती, आणि यांपैकी एकही गोष्ट विणकराच्या हाती नव्हती. कापूस घेणारा, मिश्रण ठरविणारा, कांजीखात्यातला कामगार आणि विणकर या सर्वांचे काम त्या एका ठाणात मिसळलेले असे, पण दोष दिसे तो शेवटच्या हातात, म्हणून दंड त्या हाताला. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली आणि नुकसानीची वसुली फक्त कामगाराच्या स्वतःच्या हयगयीमुळे झालेल्या नुकसानीपुरती मर्यादित केली. एखादे नुकसान खरोखर या माणसामुळे झाले की त्याच्यापर्यंत ते चालत आले, हा भेद कायद्याला तेव्हा करावासा वाटला. व्यवस्थापनशास्त्राने तो आपल्या मूल्यमापनाच्या तक्त्यांत अजूनही पुरेसा आणलेला नाही.

पुण्याच्या हिंजवडीत किंवा नवी मुंबईत संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या तरुणांना ‘बेल कर्व्ह’ हा शब्द नीट ओळखीचा आहे. या पद्धतीत चमूतील प्रत्येकाला क्रमवारीत बसवून ठरावीक टक्के लोक उत्तम आणि ठरावीक टक्के निकृष्ट ठरविलेच पाहिजेत, असे बंधन असते. म्हणजे दहा जणांनी मिळून केलेल्या कामाचे दहा वेगळे तुकडे करायचे आणि त्यांतल्या एकाला अपयशी म्हणायचे. ज्या कामात एकाने दुसऱ्याला वेळेवर दिलेली मदत सर्वांत मोलाची असते, तेथे ही पद्धत मदत करणाऱ्याचेच नुकसान करते, कारण शेजाऱ्याचा क्रमांक वर गेला की त्याचा खाली येतो. मायक्रोसॉफ्टने ही सक्तीची क्रमवारी २०१३ साली बंद केली. तरीही एकेकट्याच्या गुणपत्रिकेवरची श्रद्धा ढळलेली नाही, आणि कामगिरी घसरली की प्रशिक्षण, समुपदेशन किंवा राजीनामा हे तीनच उपाय डोळ्यांपुढे येतात.

तीच माणसे वेगळ्या मांडणीत काय करू शकतात याचा आणखी एक ठळक पुरावा कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील मोटार कारखान्याचा आहे. जनरल मोटर्सने तो १९८२ साली बंद केला तेव्हा तेथील कामगार देशातील सर्वांत बेशिस्त कामगारांत गणले जात होते. १९८४ साली टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा उघडला आणि कामगारांतील बहुतेक जुनेच, त्यांची संघटनाही तीच होती. लहान गट, कामांच्या डझनावारी वर्गवाऱ्यांऐवजी मोजक्याच वर्गवाऱ्या, आणि दोष दिसताच पट्टा थांबविण्याचा कामगाराचा अधिकार या बदलांमुळे थोड्याच काळात तेथील गैरहजेरी पूर्वीच्या मानाने अगदीच थोडी राहिली आणि तयार होणाऱ्या गाड्यांचा दर्जा अमेरिकेतील उत्तम कारखान्यांच्या पंगतीला जाऊन बसला. येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. या कारखान्यातील काम सैल नव्हते. प्रत्येक हालचाल टेलरच्या काळाइतकीच सेकंदांत मोजलेली होती. फरक इतकाच होता, की ती मोजणी आणि तिच्यातील सुधारणा हे काम करणारा गटच करीत होता. म्हणून ‘कामगारांना मोकळे सोडा’ असा सोपा अर्थ या सर्व अभ्यासांतून काढणे चुकीचे ठरेल. डरहॅमच्या गटाकडे सबंध कामचक्र होते, अहमदाबादच्या गटाकडे चौसष्ट माग होते, फ्रीमाँटच्या गटाकडे आपल्या कामाची रीत ठरविण्याचा हक्क होता, आणि प्रत्येक ठिकाणी त्या मोकळिकीला एका पूर्ण कामाची सीमा होती.

मराठी माणसाला या तत्त्वासाठी परदेशी पुस्तकांकडे जाण्याची सर्वस्वी गरज नाही. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेली मुंबईच्या डबेवाल्यांची व्यवस्था याच पायावर उभी आहे. त्यांच्या अचूकतेविषयी बरेच कौतुकाचे आकडे सांगितले जातात, पण त्या आकड्यांपेक्षा रचना अधिक अभ्यासण्याजोगी आहे. मुकादमाच्या हाताखालचा प्रत्येक गट आपला हिशेब स्वतंत्र ठेवतो, गिऱ्हाईक गटाचे असते, उत्पन्न वाटून घेतले जाते, आणि कोणी आजारी पडला तर त्याची फेरी दुसऱ्याने करायची हे आधीच ठरलेले असते. घरून डबा उचलणारा, स्टेशनवर वर्गवारी करणारा आणि कचेरीत पोहोचविणारा हे वेगवेगळे असले, तरी डबा चुकला तर दोष कोणत्या टप्प्यावर घडला हे काही तासांत कळते, कारण सर्व जण दिवसातून दोनदा एकमेकांसमोर येतात. मावळ, जुन्नर, खेडच्या गावांमधील नात्यागोत्यांचा आणि वारकरी परंपरेचा या व्यवस्थेला आधार आहे हे खरे, पण नातीगोती गिरणगावातही होती. तेथे त्यांना कामाच्या रचनेत मान्यतेची जागा नव्हती आणि डबेवाल्यांकडे ती होती, हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. कोविड महासाथीनंतर घरून काम करण्याची पद्धत वाढली आणि डबेवाल्यांची संख्या बरीच घटली. ही घट गिऱ्हाईक कमी झाल्याची आहे, त्या रचनेतील दोषाची नव्हे.

आज महाराष्ट्राच्या औद्योगिक पट्ट्यांत कामाची मांडणी अधिकच तुटक होत चालली आहे. चाकण, रांजणगाव किंवा वाळूजच्या एखाद्या जुळणीपट्ट्यावर एकामागोमाग एक उभे असलेले कायम कामगार, कंत्राटी कामगार आणि शिकाऊ उमेदवार हे तीन वेगळ्या मालकांचे किंवा तीन वेगळ्या हिशेबांचे असू शकतात. त्यांची कामे एकमेकांत गुंतलेली, पण त्यांचे पगार, बस, ओळखपत्राचा रंग आणि नोकरीची मुदत निराळी. दोष दिसला तर कंत्राटी कामगार तो सांगत नाही, कारण सांगणाऱ्याचाच करार पुढच्या महिन्यात लांबेल याची खात्री नसते. इचलकरंजीच्या यंत्रमागावर कामगार, कांडीवाला, जॉबर आणि घडीवाला एकाच कापडासाठी राबतात, पण मागावर बसणाऱ्या कामगाराची मजुरी विणलेल्या मीटरांवर आणि पिकांवर, म्हणजे बाण्याच्या धाग्यांच्या संख्येवर, ठरते, मग सुताची प्रत किंवा विजेचा खोळंबा त्याच्या मिळकतीतून किती कापून नेतो याची नोंद कोठेच राहत नाही. या परिस्थितीत कामगिरीवरची चर्चा जर पुन्हा माणसाच्या स्वभावापाशीच जाऊन थांबली, तर खाणीतील भरणाऱ्या कामगाराच्या वाट्याला जे आले तेच येथेही येणार.

महाराष्ट्रात व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात दर तीन-चार वर्षांनी वेतनकरार होतात. त्यांत पगारवाढ, महागाई भत्ता, बोनस आणि उत्पादनाचे उद्दिष्ट यांवर पानेच्या पाने असतात, पण कोणत्या कामाला एक पूर्ण गट असावा, त्यातील माणसे कोणी निवडावीत, मागच्या पाळीचा दोष कोणाला आणि कसा सांगावा, आणि एकाच पट्ट्यावरील कायम व कंत्राटी माणसांत कोणते नाते असावे, यांविषयी एखादा परिच्छेदही क्वचितच सापडतो. यापुढील करारांत हा परिच्छेद अवश्य घालावा, आणि तो लिहिताना कामगार प्रतिनिधी, पर्यवेक्षक आणि अभियंते यांनी एकाच टेबलाशी बसावे, ही विनंती या व्याख्यानाच्या निमित्ताने उद्योजकांना आणि कामगार संघटनांना सारख्याच आग्रहाने करावीशी वाटते.